विषाणू एक, आजाराची रूपे अनेक

‘डॉक्टर, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतो का हो?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. कर्करोग असा लागत नाही. मात्र काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असतो आणि तो विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. अशाच एका आजाराची आज माहिती घेऊ.

१९७७ साली जपानमधील क्योटो येथे डॉ. ताकात्सुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना होणाऱ्या ‘टी’ पेशींच्या एका रक्तकर्करोगाचे वर्णन केले. बहुतेक रुग्णांचा जन्म क्युशू बेटाकडचा होता. १९८० साली अमेरिकेत डॉ. गॅलो यांच्या प्रयोगशाळेने ‘एचटीएलव्ही-१’ हा विषाणू शोधला. जपानी शास्त्रज्ञांना १९८१ मध्ये सापडलेला विषाणूही तोच ठरला.

हा विषाणू आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने नाही. बाधित झालेल्या शंभर जणांपैकी जेमतेम पाच जणांना हा कर्करोग होतो, आणि तोही कित्येक वर्षांनी.

आता तो ओळखायचा कसा? रेल्वे स्टेशनवरचा हमाल जसा दंडावरच्या बिल्ल्यावरून ओळखू येतो, तशा आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही खुणा असतात. त्यांना ‘सीडी’ क्रमांक दिलेले आहेत. या आजारातील पेशींवर बहुधा सीडी-४ व सीडी-२५ या खुणा असतात आणि निरोगी टी पेशींवर आढळणारी सीडी-७ ही खूण बहुधा नसते. सूक्ष्मदर्शकातून त्यांचे केंद्रक फुलाच्या पाकळ्यांसारखे दिसते. मात्र केवळ खुणांवर निदान होत नाही. रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का, हेही पाहावे लागते.

गंमत अशी, की विषाणू तोच असूनही प्रदेशागणिक आजाराचे रूप बदलते. जपानमध्ये रुग्ण बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि रक्तात झपाट्याने वाढणारा प्रकार तेथे अधिक. कॅरिबियन बेटांवरील व ब्राझीलमधील रुग्ण त्यांच्यापेक्षा बरेच तरुण असतात. अमेरिकेतील कॅरिबियन वंशाच्या रुग्णांत गाठींचा प्रकार पुष्कळ दिसतो. या प्रकारात रक्तात दूषित पेशी जवळजवळ नसतात. म्हणजे नुसते रक्त तपासून ‘सारे ठीक’ म्हटले, तर आजार निसटतो! तेथे गाठीचा तुकडाच तपासायला हवा.

उपचारासाठीही खुणा महत्त्वाच्या आहेत. बहुतेक रुग्णांच्या पेशींवर सीसीआर-४ नावाची खूण असते. तिच्यावरच नेम धरणाऱ्या मोगामुलिझुमॅब या औषधाला जपानने २०१२ साली मान्यता दिली. आजार तरीही कठीणच आहे, म्हणून प्रतिबंधाला महत्त्व. जपानमध्ये रक्तदात्यांची तपासणी १९८६ पासून होते. गरोदर स्त्रियांचीही होते व बाधित मातेला बाळाच्या दुधाबाबत सल्ला दिला जातो.

हे वाचून आपल्याकडील मातांनी अंगावर पाजणे मुळीच बंद करू नये. तो सल्ला तपासणीत बाधित ठरलेल्या मातांसाठी आहे. बाळाला आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही.

शेवटी एक विनंती. मान, काख किंवा जांघेतील गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नाही, तर लेप लावत घरी बसू नका. दुखत नाही म्हणून दुर्लक्षही करू नका. आणि डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला सांगितला, तर ‘रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून तो टाळू नका.