काय झालंय ते सांगू नकोस

चिऊ, परवा व्हिडिओवर तुझं तोंड उतरलेलं दिसलं. फिट आली तर मदत करायला शिकवलेला तुझा कुत्रा, काळू, घरी येतोय, तर तू खूश असशील असं मला वाटलं होतं. (त्याचं कागदावरचं नाव काहीही असो, आपल्याकडे तो काळूच.) तुला फिटची धास्ती नाही, ती तू कधीच अंगवळणी पाडून घेतलीस. दुकानाच्या दारात कुणी अडवून "तुम्हाला तर काहीच झालेलं दिसत नाही" म्हणेल, याची धास्ती आहे. खरं ना?

आपल्याला सवयच वाईट आहे गं. कुणी विचारलं की आपण सगळी फाइल उघडून बसतो. कधीपासून होतंय, कुठला डॉक्टर, गोळ्या किती. इथे अमेरिकेत त्याची गरज नाही, आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, ज्याला इथे सगळे एडीए म्हणतात, त्यात दुकानदार किंवा हॉटेलवाल्याला दोनच प्रश्न विचारायची मुभा आहे, तीही बघून कळत नसेल तेव्हा. अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता, डॉक्टरची चिठ्ठी कुठाय, कार्ड दाखवा, जरा काम करून दाखवायला सांगा बघू, यातलं काहीही विचारता येत नाही.

पहिल्याचं उत्तर 'हो'. दुसऱ्याचं मात्र आरशासमोर उभी राहून पाठ कर. "तो जवळ असला की धीर येतो," असं चुकूनही म्हणू नकोस. खरं असलं तरी नको. नुसत्या सोबतीने धीर देणारं जनावर या कायद्यात बसत नाही, शिकवलेलं काम लागतं. तू म्हणायचं, "मी पडले तर तो मला बिलगून राहतो आणि भुंकून माणसं गोळा करतो." बघ, यात 'फिट' हा शब्दही आला नाही. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तुला जड जाईल, मी ओळखते तुला.

आणि ते नेटवरचं सर्टिफिकेट घेऊ नकोस हं. सरकारी नोंदणीची सक्तीच नसते, त्यामुळे त्या सोनेरी शिक्क्याच्या कागदाला काडीची किंमत नाही. कुत्र्याला लाल जॅकेटही सक्तीचं नाही. हौस असेल तर घाल, लोक मधेमधे हात लावायला येत नाहीत एवढाच फायदा.

आता दुसरी बाजू. पट्टा हवाच. अपंगत्वामुळेच पट्टा धरता येत नसेल तर गोष्ट वेगळी, तुझं तसं नाही. एकदा भुंकला म्हणून कुणी हाकलू शकत नाही, पण तो आवरेनासा झाला आणि तू आवरलं नाहीस, किंवा त्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगू शकतात. रेस्टॉरंटमध्ये जागा टेबलाखाली, खुर्चीवर नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, भीती वाटते, हे तुला प्रवेश नाकारायला कारण होत नाही. हॉटेलने केसांच्या साफसफाईचे जादा पैसे मागितले तर देऊ नकोस. सोफा फाडला तर मात्र बिल भर.

सासूबाई म्हणाल्या ना, "आम्ही आहोत की घरात, कुत्रा कशाला?" अगदी हेच मिशिगनमधल्या एका शाळेने म्हटलं होतं. एलेना फ्राय नावाची मुलगी, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तिचा कुत्रा वंडर पडलेल्या वस्तू उचलून द्यायचा, दारं उघडायचा, दिवे लावायचा, कोट काढायला मदत करायचा. शाळा म्हणाली, मदतीला बाई दिलीय, मग कुत्रा कशाला? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तोवर खालच्या कोर्टांचं म्हणणं होतं की आधी शिक्षणाच्या कायद्याखालच्या सुनावण्यांच्या सगळ्या पायऱ्या चढा. २०१७ साली न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालात साधी कसोटी दिली: हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? असती, तर ती शिक्षणाची नव्हे, भेदभावाची तक्रार असू शकते. त्या कसोटीवर पुन्हा तपासायला प्रकरण खाली परत पाठवलं. मला यात निकालापेक्षा त्या पोरीची बाजू महत्त्वाची वाटते. स्वतःचा कोट कुणाच्या मदतीने काढायचा, हे तिला ठरवायचं होतं. सासूबाईंना हे असंच सांग, पण चहा झाल्यावर.

घर आणि ऑफिस यांचे नियम निराळे, तिथे दोन प्रश्नांवर भागत नाही. अपंगत्व दिसत नसेल तर घरमालक कागद मागू शकतो, पण पाळीव प्राण्याची फी लावू शकत नाही. ऑफिसातही एचआर कागद मागतं, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टचं पत्र तयार ठेव. विमानाचा कायदा तर तिसराच. २०२१ पासून एअरलाइन सरकारी फॉर्म ४८ तास आधी मागू शकते, त्यात कुत्र्याची तब्येत, वागणं, शिक्षण सगळं लिहून द्यायचं. आठ तासांहून लांबच्या प्रवासाला, त्याच्या शी-शूचं काय, याचाही फॉर्म मागतात. मुंबईला न्यायचं म्हटलं तर भारताच्या आयातीच्या परवानग्या आणखी वेगळ्या. या दिवाळीला तो विचार सोड.

राहिलं देऊळ. धार्मिक संस्थांना एडीए लागू नाही, त्यामुळे ते काळूला आत घ्यायला नाही म्हणू शकतात. दत्ताच्या पायाशी चार-चार कुत्री असतात, पण विश्वस्तांपुढे हा मुद्दा काढू नकोस, उगाच वाद होईल. आधी फोन कर, काळू काय काम करतो ते सांग, गर्दी नसेल अशी वेळ विचार. तरी नाहीच म्हणाले तर काळूला मी बाहेर धरते, आणि तू भाऊजींना बरोबर घेतल्याशिवाय आत जाऊ नकोस.