चिंचोका, सापसंद आणि सापाचे विष



पाऊस पडून भाताची लावणी सुरू झाली की बांधावर आणि गवताच्या गंजीपाशी साप दिसू लागतात. साप चावला की पाला वाटून जखमेवर बांधण्याची चाल आपल्या सिल्वासा-खानवेल भागात जुनी आहे. तेव्हा झाडपाल्यात खरोखर काही गुण आहे काय, ते आज आपण पाहू.

घोणस व फुरसे यांच्या विषात पाचक रसासारखी द्रव्ये असतात. एक द्रव्य पेशींना जोडणारा चिकट थर सैल करते, दुसरे पेशींची आवरणे फोडते, तर तिसरे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडते. म्हणून चावलेला भाग सुजतो, फोड येतात आणि मांस कुजू लागते.

काही वनस्पती ही द्रव्ये रोखतात, हे खरे आहे. म्हैसूर विद्यापीठात १९८७ साली सापसंद म्हणजे ईश्वरीच्या जातीच्या वेलींत सापडणारे एक आम्ल घोणशीच्या विषावर तपासले गेले. त्याने सूज कमी झाली. २००६ साली तेथेच चिंचोक्याच्या अर्काने उंदरांमध्ये घोणशीच्या विषाचा परिणाम कमी झालेला आढळला.

मग पाला का लावू नये? याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, अशा बहुतेक प्रयोगांत विष आणि अर्क आधी एकत्र मिसळून मग टोचतात. शेतात मात्र विष आधीच मांसात उतरलेले असते. कातडीवरचा लेप तेथवर पोहोचत नाही. दुसरे, सापसंदातील तेच आम्ल मूत्रपिंडे निकामी करते व त्याने कर्करोगही होतो. तिसरे, कित्येक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस बरा होणारच; श्रेय मात्र पाल्याला मिळते.

मनुष्यावर सिद्ध झालेला उपाय एकच, तो म्हणजे घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष. आपल्या देशात ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर मिळून बनवतात. पण कुजलेले मांस ते परत आणू शकत नाही. पाला शोधण्यात गेलेला एक तासही हात, पाय किंवा प्राण घेऊ शकतो. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला.

म्हणून हे ध्यानात ठेवा :

१. रोग्याला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा.

२. चावलेला हात-पाय बांबूच्या कामट्यांना सैलसर बांधून स्थिर ठेवा. दोरी करकचून आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका.

३. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी इस्पितळ गाठा. सापाला मारण्यात वेळ दवडू नका.

४. रात्री बॅटरी घेऊन चाला, खाटेवर मच्छरदाणी लावून झोपा, गंजीत हात घालण्याआधी काठीने चाळवा.

वनौषधी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान आम्ही राखतो. त्यांच्या ज्ञानातून उद्या एखादे औषध निघेलही. तोवर त्या वेली रानात जपू या. साप चावलेल्या माणसाला मात्र आधी इस्पितळातच नेऊ या.