चड्डीतला वीर आणि एकचक्रेचा भीम

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नऊ वर्षांचा भाचा आमच्या घरी राहायला आला होता. पाठ्यपुस्तकातील चार ओळी वाचायला तासभर लावणारा हा मुलगा एक जाडजूड इंग्रजी चित्रपुस्तक मात्र दुपारभर सोडीत नव्हता. मुखपृष्ठावर एक टकलू, ढेरपोट्या माणूस. अंगावर फक्त पांढरी चड्डी आणि पाठीवर ठिपक्याठिपक्यांचा लाल पडदा. आत संडास, शेंबूड आणि उलट्या यांची रेलचेल. ताईने ते पुस्तक उचलून कपाटावर ठेवले आणि मला बजावले, ‘असलं घाणेरडं त्याला वाचू देऊ नकोस.’ वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून मी काय ते ठरवावे, असा तिचा रोख होता. रात्री मी ते पुस्तक वाचून काढले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा परिणाम होय.

ही डेव्ह पिल्की यांची ‘कॅप्टन अंडरपँट्स’ नावाची मालिका. तिचे पहिले पुस्तक १९९७ साली निघाले. जॉर्ज आणि हॅरॉल्ड हे दोन खोडकर विद्यार्थी आपल्या खडूस मुख्याध्यापकावर संमोहन करतात आणि तो स्वतःला महावीर समजू लागतो. चुटकी वाजली की वीर, डोक्यावर पाणी पडले की पुन्हा मुख्याध्यापक. पिल्की लहानपणी वाचनात मागे पडत. वर्गात स्वस्थ बसवत नसे म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवले जाई, आणि तेथेच त्यांनी या वीराची चित्रे प्रथम काढली. ही मालिका मुलांनी डोक्यावर घेतली. मोठ्यांनी तितकाच विरोध केला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ती २०१२ व २०१३ अशी दोन वर्षे पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे आमच्या ताईची तक्रार काही एकटीची नव्हे.

आता आपल्या साहित्यशास्त्राला विचारू. बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा. भरताने बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे, हास्याची नव्हे. हास्य त्याने शृंगारापासून काढले. परंतु अभिनवगुप्ताने पुढे असे मांडले की, कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो. हास्याच्या मुळाशी अनौचित्य असते. या एका शब्दात चड्डीतल्या वीराची उपपत्ती सापडते. वीर म्हटला की पिळदार देह, गंभीर मुद्रा आणि धीरगंभीर वाणी आली. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन घ्या किंवा ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत आलेला वेताळ घ्या, दोघेही घट्ट पोशाखावर चड्डी घालतात आणि कोणीही हसत नाही. पिल्कींनी पोशाख काढून घेतला आणि चड्डी तेवढी ठेवली. औचित्य गेले, वीररसाचा आभास उरला आणि पोरे हसू लागली.

भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे, डोळ्यांत पाणी आणणारे आणि दोन्ही हातांनी कुशी धरायला लावणारे अतिहसित त्याने अधम प्रकृतीकडे दिले आहे. भाचा नेमका तसाच हसत होता. त्याला अधम म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

कारण आपला भीम आठवतो. एकचक्रा नगरीत बकासुरासाठी गाडाभर अन्न घेऊन गेलेला भीम ते अन्न स्वतःच खात बसतो. राक्षस पाठीत दणके घालतो आहे आणि हा वळूनही न पाहता घास गिळतो आहे. खादाडपणासारखी ओशाळवाणी गोष्ट येथे शौर्य बनते, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनातली राक्षसाची भीती पार पळून जाते. याच भीमाने कीचकाला मारून त्याचा मांसाचा गोळा केला, तेथे मात्र हसू येत नाही. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’ या मूकपटात हा वध इतका हुबेहूब दाखवला की ते दृश्य पुढे कापावे लागले. वीर तोच, बीभत्सही आहेच. परंतु एक बीभत्स भय घालवतो, दुसरा भय घालतो.

आणि आपली मराठी तरी कोठे एवढी सोवळी आहे? ‘शेंबडं पोरही सांगेल’ असे आपण भर सभेत म्हणतो. ‘पादा पण नांदा’ ही म्हण वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी असते. हादग्यातल्या वेड्याच्या गाण्यात तो लाडवांना चेंडू आणि शेवयांना गांडुळे समजतो. हे गाणाऱ्या मुली लगेच खिरापतीवर तुटून पडतात. त्यांच्या घशाखाली घास अडकल्याचे मी पाहिलेले नाही.

मग सगळेच चालावे काय? तसे नाही. याच पिल्कींचे ‘ऊक आणि ग्लक’ हे २०१० चे पुस्तक २०२१ मध्ये प्रकाशकाने लेखकाच्या संमतीने मागे घेतले. त्यात आशियाई लोकांचे ठरीव, हिणवणारे चित्रण होते, आणि लेखकाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. शेंबूड-संडासाच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे आक्षेप आले तरी ती टिकली. गेले ते माणसांना हिणवणारे. माझ्या मते परीक्षा हीच. शेंबूड सर्वांनाच येतो, राजालाही आणि मुख्याध्यापकालाही. त्यावर हसणारे मूल स्वतःलाही हसत असते. पण वर्गातल्या एखाद्या जाड, काळ्या किंवा तोतऱ्या मुलावर पुस्तक हसू लागले की घाण शब्दांत नसून मनात आहे असे समजावे.

सकाळी मी हे ताईला सांगितले. ती म्हणाली, ‘तुझा भरत-बिरत राहू दे. तो वाचतोय ना, एवढं सांग.’ मी म्हटले, वाचतोय. तिने पुस्तक कपाटावरून काढून दिले आणि जाता जाता विचारले, ‘असलं मराठीत काही नाही का रे?’

मी भीमाचे नाव घेतले. परंतु मुलाच्या हाती देता येईल असा, त्याच्या आजच्या शाळेतला, त्याच्याच बोलीत ढेकर देणारा भीम मला काही आठवेना. आमच्या वर्गात चित्रे काढणारे आहेत आणि लिहिणारेही आहेत. ताईच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी कोणी द्यावे.