गर्भाचे पहिले आठवडे आणि आईची सवलत

सूरह मोमिनूनमध्ये गर्भाच्या नुत्फा, अलका, मुदगा अशा अवस्था वर्णिल्या आहेत. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते. तोवर अनेक भगिनींना दिवस गेल्याची खात्रीही नसते! म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासूनच सुरू करावी. मळमळ, थकवा, गरगरणे यांस सासरच्यांनी ‘नाटक’ म्हणू नये. सूरह लुकमानने आईच्या या अशक्ततेची दखल घेतली आहे. रमजान, त्यात अकोल्याचे ऊन, आणि स्वतःला वा बाळाला अपायाची भीती असेल, तर रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत शरीअतनेच दिली आहे. ती घेताना संकोच कसला? अमरावतीचे डफरीन असो वा अकोल्याचे लेडी हार्डिंग, 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. रक्तस्राव दिसल्यास मात्र त्याच दिवशी जावे.