दुकानाचा फोन : घंटा कोणाकडे वाजावी?

एक काळ असा होता की टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले आणि पुढे अशा एक्स्चेंजमुळे लहान गावांतही फोन पोहोचला. आज लाइन सहज मिळते. अडचण वेगळीच आहे. घंटा वाजते आणि उचलायला कोणी नसते. गिऱ्हाईक मग दुसऱ्या दुकानाला फोन लावते आणि हातची ऑर्डर जाते. आमचे अनेक व्यापारी व कारागीर बांधव यावर उपाय म्हणून ईपीएबीएक्स, म्हणजे इंटरकॉमचे मशीन, बसवतात. परंतु ते नीट लावून घेतले नाही तर पैसे वाया जातात. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी कागद, मग मशीन

समजा, पेणच्या बाजारात लोखंडी सामानाचे दुकान आहे, मागे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे आणि रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळ दुसरे वर्कशॉप आहे. गल्ल्यावर वडील, मागे थोरला मुलगा, रोह्याला धाकटा. मशीन घेण्यापूर्वी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. बाहेरचा फोन प्रथम कोठे वाजावा? तेथे कोणी नसेल तर कोठे? दुकान बंद असताना कोठे? मशीन लावणारा माणूस हे विचारत नाही. तो कारखान्यातून आले तसेच मशीन जोडून जातो. हा कागद त्याच्या हाती द्यावा.

मशीनची क्षमता दोन आकड्यांत सांगतात. ‘२ बाय ८’ म्हणजे बाहेरच्या दोन लाइन आणि आतले आठ फोन, ज्यांना एक्स्टेंशन म्हणतात. आज गरज चार फोनची असली तरी आठांचे घ्यावे. लाइन दोन असतील तर कंपनीकडून ‘हंटिंग’ मागावे. पहिली लाइन गुंतली की त्याच नंबरावर आलेला फोन दुसरीवर वाजतो.

रोजच्या कामाच्या चार सोयी

पहिली, ट्रान्सफर. गिऱ्हाइकाला दराची चौकशी थोरल्या मुलाकडे करायची आहे. ‘फ्लॅश’ बटण दाबावे, मुलाचा एक्स्टेंशन नंबर फिरवावा, कोणाचा फोन आहे ते त्याला सांगावे आणि मग रिसीव्हर ठेवावा. न सांगता फोन पुढे ढकलला तर गिऱ्हाइकाला सारी हकिकत पुन्हा सांगावी लागते.

दुसरी, पिकअप. गल्ल्यावरचा फोन वाजत असेल तर मागच्या माणसाने धावत येण्याची गरज नाही. आपल्याच फोनवर ठरलेला कोड दाबून तो उचलता येतो. कोड प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. तो पुस्तिकेतून पाहून प्रत्येक फोनवर चिकटवावा. फोनवर पल्स-टोन असे बटण असेल तर ते टोनवर असावे.

तिसरी, नाइट मोड. जुम्याच्या नमाजाला दुकान बंद असते, रात्री तर असतेच. त्या वेळी फोन घरच्या एक्स्टेंशनवर किंवा मोबाइलवर वळवता येतो. मात्र मशीनने बाहेर फोन वळवला तर दोन्ही लाइन गुंततात, एक येणारी आणि एक जाणारी. लाइन एकच असेल तर फॉरवर्डिंग टेलिफोन कंपनीकडूनच घ्यावे.

चौथी, कुलूप. ‘००’ म्हणजे परदेशी फोन मालकाच्या एक्स्टेंशनवर ठेवावा, बाकीच्यांवर बंद करावा.

शून्याचा घोळ

पेणचा कोड ०२१४३, रोह्याचा ०२१९४. दोन्ही शून्याने सुरू होतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही आधी शून्य लावावे लागते. एसटीडीचे बिल वाचावे म्हणून पूर्वी अनेकांनी मशीनमध्ये शून्यच बंद करून ठेवले होते. तसे जुने कुलूप राहिले असेल तर त्या फोनवरून मोबाइल लागत नाही आणि दोष लाइनला दिला जातो. शिवाय बाहेरची लाइन घेण्यासाठीही शून्यच ठेवले असेल तर शून्य दोनदा लागते. एक लाइनसाठी, एक नंबरासाठी. वर्कशॉपमध्ये अपघात झाला तर रुग्णवाहिकेच्या १०८ लाही आधी लाइन घ्यावी लागते. कुलूप लावलेल्या प्रत्येक फोनवरून १०८ आणि ११२ लागतील अशी सोय करून घ्यावी आणि क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्या क्षणी नव्या पोऱ्याला शून्य आठवत नाही.

वीज गेली तर

तांब्याच्या जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. दुकानात अंधार झाला तरी साधा फोन चालत असे. फायबरच्या लाइनचे तसे नाही. तिचा डबा आणि मशीन दोन्हींना दुकानातली वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, हे कोणी विसरलेले नाही. दोन्हींना बॅटरीचा आधार द्यावा. पावसाळ्यातील विजांसाठी अर्थिंग व सर्ज संरक्षण लावून घ्यावे.

चोरवाट बंद करावी

‘डिसा’ नावाच्या सोयीने बाहेरचा माणूस फोन करून आपल्या मशीनवरून पुढे फोन लावू शकतो. गरज नसेल तर ती बंद ठेवावी. कारखान्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर बिल आपल्या नावावर येते. मोबाइलवरही सावध राहावे. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोड दाबला की आपले फोन त्याच्याकडे वळतात, त्यात बँकेचे ओटीपीचे फोनही आले. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून स्टार ४०१ हॅशसारख्या कोडने होणारे फॉरवर्डिंग थांबवण्यास कंपन्यांना सांगितले.

मशीन बसवल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. बाहेरून स्वतःच दुकानाला फोन करावा. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा जुम्याला, एकदा रात्री आणि एकदा वीज बंद करून. चारही वेळा कोणीतरी उचलले तर मशीन नीट लागले असे समजावे. न उचलल्यास तो पहिला कागद पुन्हा काढावा.