पणजोबांचे भाऊ कशाने गेले?

तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, “घराण्यात कोणाला काही आजार होता का?” पुष्कळ जण सांगतात, “पणजोबांचे दोन भाऊ ऐन तारुण्यात गेले.” पण कोणत्या साली, हे ठाऊक नसते. मग घराण्यालाच काही रोग आहे अशी धास्ती पिढ्यानपिढ्या बाळगली जाते. अशा वेळी मृत्यूचे साल शोधणे उपयोगी ठरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला आणि पुढे तो पुण्यासह अनेक जिल्ह्यांत पसरला. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यानंतर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. खेड्यापाड्यांत त्याला ‘मानमोडी’ म्हणत. जूनमधील पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी भयंकर ठरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे फार होती.

शोध कसा घ्यावा?

१. घरातील वडीलधाऱ्यांना वार्षिक श्राद्धाची तिथी विचारा. शके १८४० च्या आश्विनातील मृत्यू असेल, तर मानमोडीची शक्यता मोठी.

२. तहसील कार्यालयात जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे ‘कोतवाल बुक’, मिळते का पाहा. जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात; जाणकाराकडून वाचून घ्या.

३. कारणाच्या रकान्यात नुसते ‘ताप’ असेल तर तेवढ्यावर थांबू नका. इन्फ्लुएंझाचे असंख्य मृत्यू ‘ताप’ म्हणूनच नोंदले गेले. मागची-पुढची पाने चाळा. त्याच महिन्यात गावात एरवीपेक्षा पुष्कळ अधिक मृत्यू दिसले, तर ती साथ समजावी.

४. घरात त्याच सुमारास कोण कोण गेले ते पाहा. सून परक्या घरातून आलेली असते. दिरांबरोबर तीही गेली असेल, तर दोष रक्ताचा नसून संसर्गाचा असण्याचा संभव अधिक.

साथीत गेलेल्यांचा रोग वारशाने येत नाही. त्यासाठी सोयरीक मोडू नये. मात्र रक्ताच्या नात्यातील माणसे वेगवेगळ्या वर्षी, पण साधारण एकाच वयात अचानक गेली असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. हृदयविकार, मधुमेह यांसारखे आजार घराण्यात चालत येऊ शकतात आणि वेळीच तपासणी केल्यास त्यांना आवर घालता येतो.

एका वहीत प्रत्येकाचे नाव, मृत्यूचे वय, साल व कारण लिहून ठेवा. पुढच्या पिढीला तिचा उपयोग होईल.