मत क्रमांक 213

प्रश्न : माझा भाचा बरीच वर्षं अमेरिकेत, मिशिगन राज्यात असतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, 2008 साली बँकांना वाचवण्यासाठी सरकारनं पैसे दिले ना, त्या वेळी आमच्याकडच्या कोणत्या सिनेटरनं काय मत दिलं, हे इथली जुनी माणसं अजून सांगतात." मला नवल वाटलं. आपल्या राज्यसभेच्या खासदारानं कशावर काय मत दिलं, हे मला आजवर कधीच कळलेलं नाही. तिथल्या लोकांना ते कळतं कसं? लोक इतके का चिडले होते? आणि ज्यांनी होकार दिला, ते पुढे निवडणुकीत पडले का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या भाच्यानं सांगितलं ते मतदान 1 ऑक्टोबर 2008 रोजी, बुधवारी रात्री झालं. एरवी सिनेटर मंडळी मतदानाच्या वेळी सभागृहात येतात-जातात, लेखनिकाजवळ जाऊन मत सांगतात आणि निघून जातात. त्या रात्री मात्र सगळे आपापल्या जागी बसून होते. नाव पुकारलं की उभं राहून होकार किंवा नकार द्यायचा, असं ठरलं होतं. 74 होकार, 25 नकार. शंभरातले एकटे एडवर्ड केनेडी आजारपणामुळे गैरहजर होते. अध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली होती आणि दोन्ही उमेदवार, ओबामा आणि मॅकेन, सिनेटर असल्यामुळे त्याच सभागृहात होते. दोघांनीही होकार दिला. जो बायडेन यांनीही दिला.

तुमचा पहिला प्रश्न इथेच सुटतो. सिनेटमध्ये बटण दाबून मत देण्याचं यंत्र नाही. हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली की प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवायचं, असं तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत राज्यवार तक्ता छापून येतो. आपल्याकडे मतविभागणी मागितली तर अशी नोंद होते, पण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानंच मंजूर होतात. शिवाय पक्षानं व्हिप काढला की खासदाराचं स्वतःचं मत संपतं, कारण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेतही व्हिप असतो, पण तो न ऐकल्यामुळे कोणाची जागा जात नाही. म्हणून तिथे मत हे त्या माणसाचं मत मानलं जातं आणि त्याचा जाब त्यालाच विचारतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 1913 पर्यंत सिनेटरसुद्धा राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात, जवळजवळ आपल्या राज्यसभेसारखेच. ते लोकांनी थेट निवडायचे, हे घटनादुरुस्तीनं ठरलं.

आता लोक का चिडले ते. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सनं दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला मध्यवर्ती बँकेनं 85 अब्ज डॉलरचं कर्ज देऊन सावरलं. मग 20 सप्टेंबरला अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, एक मसुदा पाठवला. पानं तीन, रक्कम 700 अब्ज डॉलर. बँकांच्या गळ्यात अडकलेली बुडीत गृहकर्जं सरकारनं विकत घ्यायची, अशी ती योजना होती. त्यातलं आठवं कलम सांगत होतं की अर्थमंत्र्यांच्या निर्णयाची फेरतपासणी कोणतंही न्यायालय किंवा सरकारी यंत्रणा करू शकणार नाही. पॉलसन स्वतः आधी गोल्डमन सॅक्स या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या बँकेचे प्रमुख होते. ज्या माणसाचं घर हप्ते थकल्यामुळे जप्तीला लागलेलं आहे, त्यानं हे वाचून काय समजावं? त्याच्या हप्त्याला कोणी एक दिवसाची सवलत दिली नव्हती, आणि त्याला कर्ज विकणाऱ्यांसाठी तीन पानांत सातशे अब्ज निघाले होते.

लोकांनी फोन करून करून लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्या भंडावून सोडल्या. संसदेचं दुसरं सभागृह असलेल्या प्रतिनिधीगृहाचं संकेतस्थळ इतकं तुंबलं की येणाऱ्या ईमेलवर मर्यादा घालावी लागली. 29 सप्टेंबरला त्या सभागृहानं विधेयक 228 विरुद्ध 205 मतांनी फेटाळलं. त्याच दिवशी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक 777 अंशांनी कोसळला. अंशांच्या हिशेबात एका दिवसातली तोवरची ती सर्वांत मोठी घसरण होती. आदल्या आठवड्यात "एक पैसा देऊ नका" म्हणणाऱ्यांना आता आपल्या निवृत्तीच्या पुंजीची काळजी वाटू लागली.

त्यानंतर विधेयक सिनेटकडे आलं. करविषयक विधेयक प्रतिनिधीगृहातच सुरू व्हावं लागतं. त्यामुळे सिनेटनं तिथे आधीच मंजूर झालेलं, मानसिक आजारांना विम्याचं संरक्षण देणारं एक विधेयक घेतलं आणि त्यात हा सगळा मजकूर घातला. तीन पानांची साडेचारशे पानं झाली. त्यात चांगल्या गोष्टीही आल्या. बँकेतल्या ठेवींवरचा विमा एक लाख डॉलरवरून अडीच लाखांवर गेला. पण मतं जुळवण्यासाठी करसवलतींची खिरापतही वाटली गेली. त्यातली लहान मुलांच्या खेळातल्या लाकडी बाणांवरची सवलत तेव्हा घरोघरी माहीत झाली. देश बुडतोय म्हणून घाईनं मत द्या, असं सांगणारे त्याच कागदात बाण घालतात, हे लोकांना सहन झालं नाही. मला तो राग रास्त वाटतो. विधेयक 3 ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहात 263 विरुद्ध 171 मतांनी मंजूर झालं आणि अध्यक्ष बुश यांनी त्याच दिवशी सही केली.

या रागात दोन वेगळे प्रवाह होते. एक म्हणत होता, बाजारात जुगार खेळणाऱ्याला बुडू द्या, सरकारनं मध्ये पडू नये. दुसरा म्हणत होता, सरकारनं जरूर मध्ये पडावं, पण आधी घरवाल्यांसाठी. "नको" एवढ्या एकाच शब्दावर दोघांचं जमलं होतं. त्या दिवसांतले जनमताचे कौलही यामुळे चमत्कारिक दिसतात. बाजार स्थिर ठेवण्यासाठी सरकार अब्जावधी गुंतवतंय ते बरोबर का, असं विचारलं तेव्हा प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत 57 टक्के लोक हो म्हणाले. करदात्यांच्या पैशातून खासगी कंपन्यांना वाचवणं हे सरकारचं काम आहे का, असं विचारलं तेव्हा दुसऱ्या एका पाहणीत 55 टक्के नाही म्हणाले. देश तोच आणि आठवडाही जवळजवळ तोच.

खरी जखम पुढे झाली. मतदान झालं होतं बुडीत कर्जं विकत घेण्यासाठी. दोन आठवड्यांच्या आत सरकारनं बेत बदलला आणि तोच पैसा थेट बँकांच्या भांडवलात घातला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ते अधिक शहाणपणाचं होतं असं मी मानतो, पण ज्याला एक सांगून दुसरं केलं त्याला फसवल्यासारखं वाटणारच. मॅकेन यांनीही पुढे हेच गाऱ्हाणं मांडलं. त्यात मार्च 2009 मध्ये बातमी आली की सरकारी पैशावर तग धरलेल्या एआयजीनं, जिथून हा सगळा घोळ झाला त्याच विभागातल्या लोकांना 16.5 कोटी डॉलरचा बोनस दिला. ज्या सिनेटरांनी होकार दिला होता त्यांना त्या महिन्यात गावोगावच्या सभांमध्ये तोंड दाखवणं अवघड झालं.

मग ते पडले का? सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. म्हणजे काहींना महिनाभरात मतदारांपुढे जायचं होतं आणि काहींना चार वर्षांनी. नोव्हेंबर 2008 मध्ये होकार देणारे न्यू हॅम्पशायरचे सुनुनू, ओरेगनचे स्मिथ आणि मिनेसोटाचे कोलमन हरले. कोलमन फेरमोजणीनंतर अवघ्या 312 मतांनी गेले. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ डोल यांनी नकार दिला होता, आणि त्याही हरल्या. ती लाट ओबामांची होती. त्या निवडणुकीवरून बँकांच्या मताचा हिशेब मांडता येत नाही.

हिशेब झाला तो 2010 मध्ये, आणि तोही स्वतःच्याच पक्षाच्या अंगणात. यूटाचे बॉब बेनेट तीनदा निवडून आलेले रिपब्लिकन सिनेटर, वडीलही सिनेटर होते. मे 2010 मध्ये सॉल्ट लेक सिटीत पक्षाच्या राज्य अधिवेशनात सुमारे साडेतीन हजार प्रतिनिधी जमले होते. तिथे "टार्प, टार्प" अशा घोषणा उठल्या. टार्प हे त्या योजनेचं संक्षिप्त नाव. बेनेट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि पक्षाचं तिकीटच हुकलं. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या, पण नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचं नाव हातानं लिहून त्यांना निवडून आणलं. टेक्सासच्या के बेली हचिसन राज्यपालपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा विरोधकांनी त्यांच्या नावातल्या "बेली"चं "बेलआउट", म्हणजे सरकारी पैशानं वाचवणं, केलं. त्या पक्षांतर्गत लढतीतच त्या हरल्या. आणि विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड यांनी नकार दिला होता, तेही त्याच वर्षी पडले.

होकाराची शिक्षा विरोधी पक्षानं दिली नाही, ती स्वतःच्या पक्षातल्या कट्टर लोकांनी दिली. अधिवेशनाला आणि पक्षांतर्गत निवडणुकीला थोडी माणसं येतात आणि ती काही विसरत नाहीत. बाकीच्या जनतेची आठवण फार अंधूक होती. जुलै 2010 मध्ये प्यूनं विचारलं की ही योजना कोणाच्या काळात झाली, तेव्हा 47 टक्के लोकांनी ओबामा म्हटलं आणि 34 टक्क्यांनी बुश हे बरोबर उत्तर दिलं. सही झाल्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या बुधवारी मी होकारच दिला असता. बँका एकामागून एक बंद पडल्या असत्या तर आधी पगार थांबले असते ते कारखान्यांतल्या माणसांचे. पण त्याच कागदात घरवाल्यांसाठी ठोस तरतूद करता आली असती. ती केली नाही, ही होकार देणाऱ्यांची चूक होती, आणि फोन करणाऱ्या माणसाला ती चूक अर्थमंत्र्यांच्या आधी दिसली होती. आपल्याकडे 2020 च्या मार्चमध्ये मुंबईतल्या येस बँकेला सावरण्याची योजना केंद्रानं अधिसूचना काढून लागू केली, स्टेट बँकेनं त्यात पैसा घातला, आणि संसदेत त्यावर कोणाला हात वर करावा लागला नाही. बँक वाचली हे चांगलंच झालं. पण जाब विचारायला नाव हवं असतं, ते इथे नव्हतं.

आता मिशिगन. तिथले तेव्हाचे दोन्ही सिनेटर, कार्ल लेव्हिन आणि डेबी स्टॅबेनाऊ, एकाच डेमोक्रॅटिक पक्षाचे. लेव्हिन यांनी होकार दिला, स्टॅबेनाऊ यांनी नकार. लेव्हिन महिन्याभरात पुन्हा निवडून आले, स्टॅबेनाऊ 2012 मध्ये. मिशिगनच्या लोकांच्या मनात मात्र दुसरं मतदान जास्त खोल रुतलंय. डिसेंबर 2008 मध्ये मोटार कंपन्यांना कर्ज देण्याचा प्रस्ताव सिनेटमध्येच अडला. बँकांसाठी मतं मिळाली, मोटार कामगारांसाठी मिळाली नाहीत. शेवटी बुश यांनी बँकांसाठीच्या त्याच निधीतून 17.4 अब्ज डॉलर जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसाठी काढले. तुमच्या भाच्याच्या शेजारीपाजारी कोणी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेलं असेल, तर त्याला हे अवश्य विचारायला सांगा. आणि 1 ऑक्टोबरची मूळ नोंद पाहायची असेल तर 2008 सालातलं सिनेटचं मत क्रमांक 213 उघडायला सांगा. शंभरही नावं तिथे आहेत.

प्रश्न : याच संदर्भात विचारतो. सिटीबँकेचे तेव्हाचे प्रमुख विक्रम पंडित आमच्या नागपूरचे ना? त्यांच्या बँकेला किती पैसे मिळाले, आणि ते परत आले का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हो, त्यांचा जन्म नागपूरचा, 1957 सालचा. 13 ऑक्टोबर 2008 रोजी पॉलसन यांनी नऊ बड्या बँकांच्या प्रमुखांना अर्थखात्यात बोलावून घेतलं आणि सगळ्यांना सरकारी भांडवल घ्यायला लावलं. त्या नऊ जणांत पंडित होते. सिटीबँकेच्या मूळ कंपनीला, म्हणजे सिटीग्रुपला, तेव्हा 25 अब्ज आणि नोव्हेंबरमध्ये आणखी 20 अब्ज डॉलर मिळाले. शिवाय तीनशे अब्जांहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर सरकारी हमी होती. फेब्रुवारी 2009 मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे पंडित यांनी सांगितलं की बँक पुन्हा नफ्यात येईपर्यंत आपण वर्षाला एक डॉलर पगार घेऊ.

पैसे परत आले. सिटीग्रुपनं 2009 च्या डिसेंबरमध्ये 20 अब्ज फेडले. उरलेल्या 25 अब्जांचे समभाग सरकारनं घेतले आणि विकले. या एका बँकेवर सरकारला सुमारे 12 अब्ज डॉलर नफा झाला. सगळ्या बँका मिळून 245 अब्ज गेले होते, 275 अब्जांच्या आसपास परत आले. संपूर्ण योजनेचा, म्हणजे मोटार कंपन्या, एआयजी आणि नंतर सुरू झालेली घरमालकांची मदत धरून, साधारण 31 अब्जांचा भार राहिला. मंजूर झालेले 700 अब्ज कधी पूर्ण वापरलेच गेले नाहीत.

सिटीग्रुपचे शेवटचे समभाग सरकारनं विकले ते डिसेंबर 2010 मध्ये. यूटाच्या बॉब बेनेट यांचं तिकीट त्याआधी सात महिने गेलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी सिनेट सोडलं. हरल्यावर त्यांना सिनेटमधल्या त्यांच्या मतांबद्दल विचारलं होतं. एखाद-दुसरं किरकोळ मत सोडलं तर सगळी मतं तशीच दिली असती, आपली कारकीर्द त्यात जाणार हे आधी माहीत असतं तरीही, असं त्यांनी सांगितलं.